बिरप्पा बंडगरचा ऐच्छिक विषय

बिरप्पा कोंडीबा बंडगर हा आळशी माणूस होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढं तो जे काही करील त्याचं श्रेय कुणी त्याच्या कष्टाळूपणाला द्यायला नको. सांगोल्याच्या पलीकडं, माळावरच्या एका वस्तीवर त्याच्या बापाची मेंढरं होती, आणि मेंढरांमागं दिवसभर चालणं ही गोष्ट बिरप्पाला कधी मानवलीच नाही. त्याची आई राजाबाई सांगायची की पोरगं चालायलाही उशिरा शिकलं. पाय नव्हते असं नाही, पण कुणीतरी उचलून नेईल याची वाट बघत बसायचं.

दहाव्या वर्षी त्यानं एक उद्योग केला. मेंढरांच्या दगडी डोणीत पिंपातलं पाणी ओतायचं काम त्याच्याकडं होतं. त्यानं पिंपाला रबराची नळी लावली, नळीच्या तोंडाशी चिंध्यांचा बोळा बसवला आणि बोळ्याला दोरीनं एक वाळका भोपळा बांधून डोणीत सोडला. पाणी वर आलं की भोपळा वर यायचा आणि बोळा नळीत बसायचा. मेंढरांनी पाणी प्यायलं की भोपळा खाली जायचा आणि बोळा सुटायचा. दोन दिवस हे असं चाललं आणि बिरप्पा दोन दिवस बाभळीखाली झोपला. तिसऱ्या दिवशी बोळा निसटला, पिंपभर पाणी माळावर सांडलं आणि कोंडीबानं त्याला बाभळीखालून उठवलं, ते चपलेनं. पण वस्तीवरच्या शाळेचे मास्तर तो भोपळा बघायला मुद्दाम आले होते. जाताना ते कोंडीबाला म्हणाले की हे पोरगं मेंढरांच्या कामाचं नाही, याला यंत्रांकडं पाठवा. कोंडीबाला त्यातलं पहिलं अर्धं ताबडतोब पटलं.

पुढं बहात्तरचा दुष्काळ आला. मेंढरं निम्मी झाली. कोंडीबा एवढंच म्हणाला की राहिलेल्यांना मी एकटा पुरतोय, तू शिक. मॅट्रिक झालेला बिरप्पा त्र्याहत्तरच्या जूनमध्ये एक पत्र्याची ट्रंक आणि एक घोंगडं घेऊन सोलापूरच्या एका तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेला दाखल झाला.

पहिल्या दोन वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आणि त्यासाठी बिरप्पानं बरीच खबरदारी घेतली होती. तो शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचा. शेवटच्या बाकावर मास्तरांचं लक्ष असतं, पहिल्यावर तर असतंच, शेवटून दुसऱ्याकडं मात्र कुणी बघत नाही, हा त्याचा अभ्यास. या एका अभ्यासाच्या जोरावर तो दोन्ही वर्षं जेमतेम पण विनातक्रार पास झाला.

तिसऱ्या वर्षी नवी योजना आली. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आपापला ऐच्छिक गट निवडायचा. सायक्लोस्टाइल केलेली एक पुस्तिका सगळ्यांना वाटली गेली. इतर मुलं ती घेऊन गिरणीत कुणाची ओळख आहे, गॅरेजमध्ये कुणाचा मामा आहे, याचा हिशेब करत होती. बिरप्पानं खिशातून फूटपट्टी काढली आणि अभ्यासक्रम मोजले. कापड यंत्रांचा अभ्यासक्रम दीड पान. मोटारींचा एक पान आणि वर चार बोटं. शीतकरणाचा पाऊण पान, पण बारीक अक्षरात. शेवटी एक गट होता, ‘स्वयंचलित उत्पादन तंत्र’. त्याच्या फक्त नऊ ओळी होत्या. खाली एक टीप होती की विद्यार्थ्यानं शिक्षकांच्या संमतीनं यातल्या कोणत्याही एका अंगावर भर द्यावा.

त्याचा अर्थ बिरप्पानं असा लावला की नऊ ओळींतली एक ओळ करायची आणि बाकीच्या आठ सोडून द्यायच्या. शिवाय गटाचं नावच त्याला आवडलं. यंत्र आपलं आपण चालणार, म्हणजे माणसानं लांब बसायचं. त्यानं जांभई न देता घेतलेला आयुष्यातला हा पहिला निर्णय असावा. दोन मिनिटांत अर्ज भरून तो मोकळा झाला.

आठवड्यानं फलकावर याद्या लागल्या. कापड यंत्रं बावीस, मोटारी चौदा, शीतकरण पाच, स्वयंचलित उत्पादन एक.

बिरप्पा त्या दिवशी पळाला. त्याला पळताना बघितलेली माणसं फार थोडी आहेत, त्यात ऑफिसातला कारकून एक. कारकुनानं सांगितलं की यादी मुंबईला गेली, आता बदल होणार नाही. बिरप्पाला वाटलं की एका मुलासाठी वर्ग कोण चालवतंय, गट आपोआप बंद पडेल. पण त्या नऊ ओळी ज्यांनी स्वतः लिहिल्या होत्या ते हिरेमठ सर तीन वर्षं याच दिवसाची वाट बघत होते.

शिवयोगी हिरेमठ अक्कलकोटकडचे. वय तिशीच्या आतच. बंगळूरच्या एका यंत्र-कारखान्यात दोन वर्षं काढून आलेले, आणि तिथं जे बघितलं ते कुणाला सांगू असं झालेले. ते प्राचार्यांकडं गेले आणि म्हणाले की नियमात ‘विद्यार्थ्यानं निवडल्यास’ असं एकवचनी लिहिलंय. आणीबाणीचे दिवस होते, नियमाला फार मान होता. प्राचार्यांनी नियम दोनदा वाचला आणि सही केली.

वर्ग भांडारखोलीच्या शेजारी भरला. वीस बाक आणि एक बिरप्पा. तो सवयीनं शेवटून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. हिरेमठ सरांनी हजेरीपट उघडला, पटात बघूनच “बंडगर” अशी हाक मारली, मान वर न करता “हजर” ऐकलं, खूण केली आणि पट मिटला. हे ते रोज करायचे. वरून हजेरीची तपासणी व्हायची, आणि बिरप्पा एकदा जरी गैरहजर राहिला तरी वर्गाची हजेरी शून्य टक्के दिसली असती. त्यामुळं त्याला तापसुद्धा येऊ द्यायचा नाही असं सरांनी ठरवल्यासारखं होतं. एकदा सर्दी झाली तर ते काढ्याची पुडी घेऊन आले.

तिसऱ्या दिवशी सरांनी त्याला पुढं बोलावलं. तो चार बाक पुढं आला. चौथ्या दिवशी सर स्वतःच खाली उतरून त्याच्या शेजारी बसले, आणि बिरप्पाचं दोन वर्षांचं सगळं नियोजन तिथं संपलं. चाळीस मुलांत विचारलेला प्रश्न कुणाकडंही जाऊ शकतो, इथं प्रत्येक प्रश्न त्याच्याकडंच यायचा. तरी सरांची सवय सुटली नव्हती. “कोण सांगेल?” असं विचारून ते आधी सगळ्या रिकाम्या बाकांवरून नजर फिरवायचे आणि मग थोडं आश्चर्य वाटल्यासारखं बिरप्पाकडं बघायचे.

आणि त्या नऊ ओळी. तिसऱ्या ओळीत फक्त ‘सुट्या भागांची आपोआप भरणी’ एवढंच लिहिलं होतं. ती ओळ जुलैत सुरू झाली आणि दिवाळीच्या तोंडावर संपली. एकसारखे खिळे डब्यातून एकेक करून, डोकं वर ठेवून, यंत्राच्या तोंडाशी कसे आणायचे यावर माणसानं किती डोकं चालवलंय हे ऐकून बिरप्पा थक्क झाला. हाताळायला यंत्र एकही नव्हतं. सर फळ्यावर काढायचे, हातांनी दाखवायचे, अडलं की मधेच कानडीत शिरायचे. एक दिवस त्यांनी प्रदर्शनात दोरीपलीकडून बघितलेल्या एका परदेशी यंत्राची गोष्ट सांगितली. त्या यंत्राला कागदाच्या पट्टीवरची भोकं वाचता येत होती. जशी भोकं, तसं ते लोखंड कापायचं. सांगताना त्यांचा आवाज देवळात बोलल्यासारखा हळू झाला होता.

बिरप्पानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, आमच्या हितं पुठ्ठ्याला भोकं पाडत्यात. मग चादरीवर मोर येतोय.”

सरांनी खडू खाली ठेवला. सोलापुरात राहून जॅकार्डच्या मागावरचे पुठ्ठे त्यांनी बघितले नव्हते असं नाही, पण मोर आणि ते परदेशी यंत्र एका वाक्यात कधी आलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी ते बिरप्पाला सायकलवर डबलसीट घेऊन साखर पेठेत गेले. एका तेलुगू विणकराच्या मागापाशी दोघं तासभर उभे राहिले. एकेक पुठ्ठा पुढं सरकत होता, भोक असेल तिथली सुई आत जात होती, तेवढेच धागे वर उचलले जात होते आणि मोराची मान एकेक ओळीनं वर येत होती. विणकराला वाटलं हे तपासणीचे लोक असावेत, म्हणून त्यानं चहा मागवला. येताना सर म्हणाले, आता तू चालव. चढाच्या रस्त्यानं सायकल मारताना बिरप्पाच्या एक लक्षात आलं की तासभर उभं राहूनही आपल्याला बसावंसं वाटलं नव्हतं. ही गोष्ट त्याला जरा काळजीची वाटली.

दिवाळीनंतर कोणत्या अंगावर भर द्यायचा ते ठरवायची वेळ आली. सरांना अर्थात भोकांच्या पट्टीचं काहीतरी हवं होतं. बिरप्पा म्हणाला, मला यंत्र आपोआप थांबवायचं काम द्या. त्याच्या मते आपोआप चालवणं हे अवघड, थांबवणं सोपं. नुसतं थांबायचं तर असतं, आणि थांबण्याचा त्याला भरपूर अनुभव होता. सरांनी चष्मा पुसला आणि मंजूर केलं. नंतर ते म्हणाले की तू सगळ्यात अवघड अंग निवडलंस, मला आनंद झाला. बिरप्पाला तो झाला नाही, पण तोवर कागदावर सही झाली होती.

आता हे सगळं करायचं कशावर? ते घरातच होतं.

बिरप्पा पहिल्या वर्षापासून भवानी पेठेत, घोंगडे वस्तीजवळ एका खोलीत भाड्यानं राहायचा, जेवायचाही तिथंच. घर चंद्रव्वाचं. पन्नाशीची विधवा बाई, मूळची दुधनीची, मराठी बोलता बोलता कानडीत जाणारी आणि राग आला की तिथंच राहणारी. मागची खोली बिरप्पाची, आणि पुढच्या खोलीत तिचं कांडी भरायचं यंत्र. मागावर धोट्यात जी कांडी घालतात ती सुतानं भरून द्यायचं काम ती घरी करायची. शरणप्पा नावाच्या माग-कारखानदाराकडून सूत आणायचं, चार चात्यांवर, म्हणजे मोटरीनं फिरणाऱ्या सळ्यांवर, चार कांड्या लावायच्या, मोटर सुरू करायची आणि चारींवर नजर ठेवायची. कांडी भरली की चटकन थांबवायची, नाहीतर सूत वरून घसरून गुंता होतो. सूत तुटलं की ताबडतोब जोडायचं, नाहीतर चाती नुसतीच फिरत राहते. जेवतानासुद्धा तिचं अर्धं लक्ष तिकडं असायचं. घास हातात, मान वळलेली.

बिरप्पा तिला अव्वा म्हणायचा आणि ती त्याला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. त्यानं विचारलं की एक चाती आपोआप थांबेल असं काही लावून बघू का.

“थांबवायला मी हाय की, तम्मा,” चंद्रव्वा म्हणाली.

तो म्हणाला, तुमाला भाकरी निवांत खाता येईल. तिनं विचार केला आणि कडेची चौथी चाती दिली, कारण ती नाहीतरी डुगडुगतच होती.

त्यानंतरचे तीन महिने बिरप्पाच्या स्वभावाला शोभणारे नव्हते. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यानं एक पातळ पट्टी केली आणि ती धावत्या सुतावर लोंबत ठेवली. सूत ताणलेलं असेपर्यंत पट्टी वर, सूत तुटलं की पट्टी खाली, आणि खाली पडली की खटका सुटून पट्टा पुलीवरून बाजूला व्हायचा. कांडीच्या टोकाशी दुसरी एक तार ठेवली. सूत भरत भरत टोकाला आलं की ते तारेला ढकलायचं आणि तोच खटका सुटायचा. सांगायला हे चार वाक्यांत होतं. करताना पहिला खटका उडून चंद्रव्वाच्या तव्यात पडला. दुसरा थांबला तो परत सुरूच होईना. तिसरा कांडी भरायच्या आधीच, उगाच, मनात येईल तेव्हा थांबायचा. चंद्रव्वा म्हणाली की हा मात्र तुझ्यावर गेलाय.

सकाळी विजेचा भरवसा असायचा, म्हणून बिरप्पा गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आत उठून कानस घेऊन बसायला लागला. पहिल्या दिवशी चंद्रव्वानं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सगळं सोलापूर लोटलं होतं, शेजारीपाजारी पाळण्यात बसून आले, आणि हा मोटरपाशी उकिडवा. यात्रा उठायच्या आत चौथी चाती थांबायला शिकली. फेब्रुवारीत चारही शिकल्या. ज्या दिवशी चारही चात्या आपापल्या वेळी टक्‌ करून थांबल्या त्या दिवशी चंद्रव्वा मांडीवर हात ठेवून बसून राहिली. हातांचं काय करायचं ते तिला कळेना. मग ती उठली, जेवायला बसली आणि भाकरी आणि शेंगाची चटणी मान न वळवता खाल्ली. चांगलं झालं वगैरे काही म्हणाली नाही. बिरप्पाला मात्र त्या दिवशी लोण्याचा गोळा जरा मोठा मिळाला.

एप्रिलमध्ये परीक्षा आली. एका विद्यार्थ्यासाठी पुण्याहून बाहेरचे परीक्षक आले. उंच, जाड भिंगाचा चष्मा, निवृत्तीला एखादं वर्ष राहिलेलं असावं. यंत्र हातगाडीवर घालून तंत्रनिकेतनात नेलं, आणि हातगाडीमागून सुताचं गाठोडं घेऊन चंद्रव्वाही गेली. कांड्या संध्याकाळी शरणप्पाकडं पोचवायच्या होत्या, आणि आपलं यंत्र सरकारी इमारतीत एकटं सोडायला ती तयार नव्हती. ती दाराशी स्टुलावर बसली.

कार्यशाळेला पत्र्याचं छप्पर. बाहेर ऊन कोरडं, आत त्याहून कोरडं. बिरप्पानं मोटर सुरू केली. चात्या फिरल्या, सूत धावलं आणि दहा सेकंदांत पहिली चाती टक्‌ करून थांबली. सूत तुटलं होतं. त्यानं जोडलं. दुसरी थांबली. ती जोडेपर्यंत तिसरी आणि चौथी मिळूनच थांबल्या. पाच मिनिटांत यंत्र वीस वेळा थांबलं. चालायचं तेवढं राहिलं.

परीक्षक म्हणाले की थांबतंय उत्तम, पण कांडी कधी भरायची? बिरप्पा पट्टी कानशीनं घासून हलकी करायला लागला, पण सूत तुटतच होतं. घरी तर कधी असं झालं नव्हतं.

चंद्रव्वा स्टुलावरून उठली. कुणाला न विचारता नळाखाली तिनं पदराचं टोक भिजवलं, पिळलं आणि सुताच्या एकेका गुंडीवर दाबून फिरवलं. मग नळाचं पाणी ओंजळीनं आणून जमिनीवर शिंपडलं. परीक्षकांकडं बघून ती म्हणाली, “सूत वाळलंय. त्याला पाणी पायजे. पाच मिनिटं बसा.”

सगळे बसले. घरी ती रोज सुतावर ओलं फडकं टाकायची आणि खोलीत पाणी शिंपायची. तीन वर्षं बिरप्पा ते बघत होता आणि समजत होता की बाईला उकडतंय म्हणून गारव्यासाठी चाललंय.

पाच मिनिटांनी मोटर सुरू झाली. चात्या फिरल्या आणि फिरत राहिल्या. सूत टोकापर्यंत चढलं, आणि पहिली कांडी भरून टक्‌ करून थांबली. मग दुसरी. परीक्षकांनी मुद्दाम पेन्सिलीनं तिसरीचं सूत तोडलं, तीही थांबली. त्यांनी भरलेली कांडी काढून दाबून बघितली आणि चंद्रव्वाच्या हातात दिली. तिनंही दाबून बघितली आणि गाठोड्यात टाकली.

मग तोंडी परीक्षा. परीक्षकांनी विचारलं की हे यंत्र पूर्ण स्वयंचलित आहे असं तुम्ही म्हणाल का. बिरप्पानं सरांकडं बघितलं. सर छपराकडं बघत होते. होय म्हटलं तर अहवालात तसं लिहिलेलंच होतं, सगळं सोपं होतं.

“न्हाय सर,” बिरप्पा म्हणाला. “सूत कवा वाळतंय ते त्याला कळत न्हाय. मलाबी कळलं न्हाय. ते अव्वांना कळतंय.”

परीक्षकांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. जाताना हिरेमठ सरांना ते म्हणाले की तुमच्या नऊ ओळींत ओल्या फडक्याची एक ओळ वाढवा.

जूनमध्ये निकाल लागला. स्वयंचलित उत्पादन गटात बिरप्पा बंडगर पहिला. त्यानं घरी कार्ड टाकलं त्यात एवढंच लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं. कोंडीबानं वस्तीवर गूळ वाटला. किती जणांत पहिला, असं कुणी विचारलं नाही, आणि बिरप्पानंही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची घाई केली नाही.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं असं बिरप्पाला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं. चंद्रव्वाच्या यंत्राची बातमी सुताबरोबर शरणप्पाकडं गेली होती. त्यानं बिरप्पाला बोलावून घेतलं आणि कारखान्यातल्या कांडी यंत्रांना तसेच खटके लावून मागितले. तिथं सहा बायका कांड्या भरायच्या. बिरप्पानं पावसाळाभर काम करून सगळे खटके बसवले. पहिल्यांदाच कुणीतरी त्याला मिस्त्री म्हणत होतं, त्याला ते आवडलं. दसऱ्यानंतर शरणप्पानं हिशेब केला की आता चार बायका पुरतात. गोजरबाई आणि बजाबाई या दोघींना त्यानं उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

बिरप्पाला हे चंद्रव्वाकडून कळलं, म्हणजे तिनं दोन दिवस एक शब्द न बोलता ताट पुढं सरकवलं तेव्हा त्यानं विचारलं आणि कळलं. तो शरणप्पाकडं गेला. शरणप्पानं त्याला बसवलं, चहा दिला आणि शांतपणे सांगितलं की मी कुणाला काढलं नाही, तुझ्या खटक्यानं काढलं. मग तो हिरेमठ सरांकडं गेला. सरांनी सगळं ऐकलं. या वेळी त्यांनी रिकाम्या बाकांकडंसुद्धा बघितलं नाही. हे माझ्या नऊ ओळींत नव्हतं, बिरप्पा, एवढंच ते म्हणाले. गोजरबाईचं घर मागच्याच बोळात होतं. पुढं बरेच दिवस बिरप्पा लांबचा वळसा घालून ये-जा करायचा. जवळचा रस्ता सोडून लांबचा धरणं ही त्याच्या बाबतीत साधी गोष्ट नव्हती.

दरम्यान दुसरे कारखानदार विचारायला येत होते. अठ्ठ्याहत्तरच्या सुरुवातीला त्यानं अक्कलकोट रोडला पत्र्याची एक शेड घेतली आणि खटके करायला लागला. पण एक घोळ होता. प्रत्येक कारखान्यात सूत वेगळं. जाड सुताला चालणारी पट्टी बारीक सुताला जड व्हायची आणि सूत तोडायची. हलकी केली तर जाड सूत तुटलं तरी ती तरंगत राहायची. बिरप्पानं तक्ते केले, तराजू आणला, सरांना बोलावलं. सरांनी समीकरण मांडलं. ते सुरेख होतं, पण सूत ते पाळत नव्हतं. एका कारखानदारानं पन्नासच्या पन्नास खटके परत पाठवले.

चंद्रव्वाला त्यानं विचारलं. तिनं दोन पट्ट्या बोटावर तोलून बघितल्या आणि म्हणाली की माझा हात एकाच जातीच्या सुताचा. सगळ्या जातीची सुतं गोजरबाईनं बघितल्यात, वीस वर्षं गिरणीत होती ती. जा तिच्याकडं. बिरप्पा म्हणाला, तुमी विचारता का? चंद्रव्वा म्हणाली, मी का विचारू, मी तिला काढलं नव्हतं.

शेवटी एका सकाळी तो जवळच्या रस्त्यानं गेला. गोजरबाई दारात धुणं पिळत होती. तिनं त्याला बस म्हटलं नाही. सगळं धुणं वाळत घालून होईपर्यंत तो पट्ट्यांची पिशवी धरून उभा राहिला. मग त्यानं सांगितलं की पट्टी कुठल्या सुताला किती जड ते मला कळत नाही, कुणालाच कळत नाही, तुमाला कळेल.

गोजरबाई म्हणाली, “तुला मला काढायला कळलं, आन्‌ आता पट्टी ठिवायला कळंना व्हय?”

बिरप्पानं पिशवी पुढं केली. थोड्या वेळानं तिनं पिशवी ओढून घेतली, उंबऱ्यावर बसली आणि एकेक पट्टी करंगळीवर टांगून बघायला लागली. ती येईन म्हणाली नाही. म्हणाली की बजाबाईला पण घ्यावं लागेल, आणि आमी जमिनीवर बसून काम करणार न्हाय, स्टूल पायजेत. बिरप्पा व्हय म्हणाला.

सोमवारी दोघी शेडवर आल्या. स्टूल आले होते, नवे होते, त्यांना अजून रंगाचा वास येत होता. बजाबाईनं सुताच्या गुंड्या जाडीप्रमाणं ओळीनं मांडल्या. गोजरबाईनं आदल्या आठवड्यात बिरप्पानं केलेल्या पट्ट्यांचा ढीग पुढं ओढला. एकेक पट्टी सुतावर टांगायची, क्षणभर बघायची आणि उजवीकडं नाहीतर डावीकडं टाकायची. दुपारच्या भोंग्यापर्यंत उजवीकडं अठरा झाल्या आणि डावीकडं सत्तर. डावीकडच्या ढिगाकडं तिनं नुसतं बोट दाखवलं. बिरप्पानं डबा तसाच बाजूला ठेवला, कानस उचलली आणि त्या ढिगातली पहिली पट्टी टेबलावरच्या शेगड्यात घट्ट आवळली.